पहिल्यांदा चर्चच्या रविवारच्या उपासनेला गेलात तेव्हा काय झालं? (अनुभव धागा)

पेठेतली मावशी
भाचीला ऑफिसातल्या मैत्रिणीने या रविवारी तिच्या चर्चला बोलावलंय. सकाळपासून प्रश्न सुरू आहेत. मावशी, पैसे किती टाकायचे? पुढे बोलावतात का? गुडघे टेकावे लागतात का?

मला एकदम नगर आठवलं. वडिलांची बदली तिकडे होती आणि शेजारच्या ताई मला उपासनेला घेऊन गेल्या होत्या. माझ्या डोक्यात सगळं इंग्रजी, सुटाबुटातली माणसं वगैरे. आत बघते तर पेटी-तबला, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, आणि गाणं चक्क अभंगाच्या वळणाचं! ताईंनी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि चष्मा कपाळावर सारून बोटाने ओळ दाखवत राहिल्या. नंतर कळलं, ते गीत ना. वा. टिळकांचं. शाळेत 'फुलामुलांचे कवी' एवढंच शिकवलेलं, 1895 ला ते ख्रिस्ती झाले हे कोणी बोललंच नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. ख्रिस्ती वाचकांनी तर लिहाच.

नगरी मिसळ
नगर म्हटलं की आलोच. ह्यूम मेमोरियल चर्च का? आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून आहे, त्यामुळे आमच्या आळीत 'चर्चमध्ये काय असतं' असा प्रश्न कधी पडलाच नाही. नाताळला करंज्या इकडून तिकडे, दिवाळीला तिकडून इकडे. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय

पाळकांची लेक
मावशी, भाचीला सांगा घाबरू नको. दाराशी कोणीतरी उभं असतं, 'सलाम' नाहीतर 'जय ख्रिस्त' म्हणेल. हात जोडले तरी छान. मधल्या बाकावर बसायचं, पुढचे बाक रिकामेच असतात, ते का हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघ्यांची सक्ती नाही. गीतं, पापांची कबुली, शास्त्रपाठ, उपदेश, अर्पण, शेवटी आशीर्वाद, साधारण असा क्रम. अर्पणाची थैली आली की नुसती पुढे सरकवली तरी कोणी बघत नाही, पाहुण्याकडून अपेक्षाही नसते.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असेल (आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी) तर जागेवर बसून राहायचं. आमच्यात ते बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेल्यांसाठी असतं, काही मंडळ्यांत सगळ्यांना बोलावतात. मैत्रिणीला विचारून घ्यावं.

एकच धोका. सूचनांच्या वेळी 'आज पाहुणे कोण आहेत' विचारतात, मग उभं राहून नाव सांगायचं आणि टाळ्या. नको असेल तर मैत्रिणीला आदल्या दिवशीच दम देऊन ठेवा 😄

डबेवाला नाही
उपदेश किती वेळ चालतो ते नाही सांगितलंत. आमचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) 'शेवटचा मुद्दा' म्हणाले की माझी बायको पर्समधून चॉकलेट काढून मुलांना देते. तिला माहितेय अजून दोन शेवटचे मुद्दे आहेत

पाळकांची लेक
@डबेवाला नाही, तुम्ही आमच्या पप्पांच्या मंडळीत आहात का 😳

गुरुवार पेठ
मी पुण्यातल्या पंचहौद चर्चला गेलो होतो, मित्राच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. तिथला थाट वेगळा. पाळकांचा झगा, मेणबत्त्या, ठरलेली वाक्यं पाळक म्हणणार आणि उत्तर मंडळी देणार. मित्र म्हणाला, हे जुनं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं वळण. 1970 ला नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पाटी एक झाली तरी जुन्या सवयी राहिल्या. म्हणून नगरचं आणि पंचहौदचं वातावरण वेगळं वाटतं. मेथडिस्टांमधले अमेरिकन वळणाचे तर त्यात आलेच नाहीत.

उपासनेनंतर चहा मिळाला. 1890 साली याच मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक चहा प्यायले म्हणून केवढा गदारोळ, प्रायश्चित्तापर्यंत गेलेलं प्रकरण. मी दोन कप प्यायलो, घरी फक्त 'जेवायचं नाही का' एवढंच विचारलं.

कोथरूडकर
बिस्किटं होती का तेव्हा? वाद त्यावरही होता म्हणतात

सून लेस्टरची
इकडे घराजवळ मेथडिस्ट चर्च आहे, शेजारच्या आजींबरोबर गेले. भिंतीवर लाकडी फळीत गीतांचे आकडे लावलेले. मध्येच सगळे उठून एकमेकांशी हात मिळवायला लागले, मला वाटलं संपलं, पर्स उचलली. ती शांतीची भेट होती म्हणे, उपदेश तर अजून व्हायचाच होता! नंतर मागच्या हॉलमध्ये चहा. आजींनी ओळख करून दिली आणि पुढच्या वेळी गेले तर कप विसळायच्या यादीत माझं नाव 😂 देवाची ओळख नंतर, आधी सिंक. पण खरं सांगते, या गावात मला नावाने हाक मारणारी पहिली माणसं तीच.

अनुभवी
सगळं गोडगोड नको. मी एका हॉलमध्ये भरणाऱ्या सभेला गेलो होतो, दारातच फॉर्म भरून घेतला, आणि मग रोज फोन. आजारी आईसाठी प्रार्थना करू म्हणाले तोवर ठीक होतं, नंतर 'निर्णय कधी घेताय' सुरू झालं. नंबर ब्लॉक केला.

कोथरूडकर
फॉर्मवर नंबर लिहायचाच नाही. देवाला पत्ता माहीत असतो

पाळकांची लेक
@अनुभवी, वाईट वाटलं वाचून. असं व्हायला नको. दुसरी बाजूही सांगते. हल्ली अनोळखी माणूस मागे येऊन बसला की आमच्याच पोटात गोळा येतो. कोण असेल, व्हिडिओ काढतोय का. दारावरचे काका हसतात तेव्हा निम्मं स्वागत असतं आणि निम्मी चौकशी. भाचीने मैत्रिणीबरोबरच आत जावं, दोन्हीकडे सोपं होतं.

नगरी मिसळ
आलो. साधा रविवार कशाला, हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या सणाला या! लोक शेतातलं, परसातलं काय काय आणतात आणि उपासना झाली की लिलाव. माझ्यासमोर एक लिंबू पाचशेला गेलं. लिंबू घेणाऱ्याने ते परत दान केलं, पुन्हा लिलाव!

डबेवाला नाही
आमच्याकडे कोंबडी होती. बोली चालू असताना सुटली. तरुण संघ मागे धावला

सून लेस्टरची
मग? सापडली का

डबेवाला नाही
सापडली. भाव वाढला

पेठेतली मावशी
अरे विषय काय, कोंबडी काय! भाची विचारतेय, चपला बाहेर काढायच्या का?

पाळकांची लेक
बाक असतील तर पायात राहू देत, सतरंजी असेल तर बाहेर. दारात ढीग दिसला की काढायच्या. आणि मोबाइल सायलेंटवर. मागच्या रविवारी ऐन प्रार्थनेत लावणी वाजली.

गुरुवार पेठ
पाहुण्याचा?

पाळकांची लेक
पप्पांचा.