एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्रॅपीसाठी ग्रेनाडा, रीलफूट की केंटकी लेक?

काठावरचा (प्रश्न)

मी मेम्फिसला राहतो आणि गेली तीन वर्षे वसंतात क्रॅपीसाठी (हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) गळ टाकतो आहे. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस मोकळे आहेत. मिसिसिपीतील ग्रेनाडा, टेनेसीतील रीलफूट आणि केंटकी लेकचा दक्षिणेकडील भाग, या तिघांपैकी एकाची निवड करायची आहे.

माझी अडचण अशी की प्रत्येक तळ्याची खबर वेगळ्याच मापाने येते. कोणी मासे किती मिळाले ते सांगतो, कोणी फक्त ‘मासा काठाला आला’ एवढेच म्हणतो. गेल्या वर्षी ग्रेनाडावर दोन फूट पाण्यात, झुडपांच्या बुंध्याशी मासे मिळत असल्याचे वाचले आणि त्याच आठवड्यात मी केंटकी लेकवर तसाच काठाकाठाने फिरलो. दोन दिवसांत जेमतेम चार मासे हाती लागले. परतताना धक्क्यावर एका गृहस्थांनी सांगितले की त्यांना सगळे मासे बारा फुटांवर, बुडवून ठेवलेल्या फांद्यांच्या ढिगांत मिळाले होते. माझी होडी लहान आहे, ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारे सोनार यंत्रही साधेच आहे. या तीन तळ्यांची तुलना नेमकी कशाच्या आधारावर करावी?

जुना गळ

मिळालेल्या माशांची संख्या बाजूला ठेवा, कारण तीत पाण्यापेक्षा गळ टाकणाऱ्याचाच भाग अधिक असतो. प्रत्येक तळ्याबद्दल तीनच गोष्टी विचारा: पाण्याचे तापमान किती, पाणी किती खोलवर दिसते, आणि पातळी चढते आहे की उतरते आहे.

तापमान पहिले, कारण क्रॅपी अंडी घालायला साधारण ६० ते ६८ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान उथळ पाण्यात येते. पाणी साठ अंशांच्या जरा खाली असेल तर मासे काठाच्या वाटेवर, पण अजून खोल कडांवर आणि बुडीत झाडीत थांबलेले असतात. मात्र तापमान तळ्याच्या मध्यावरचे घेऊ नका. उत्तर काठाच्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या फाट्यात दुपारी पाणी मुख्य पात्रापेक्षा काही अंशांनी उबदार असू शकते, आणि पहिले मासे तेथेच वर येतात.

आता पातळी, कारण तुमच्या गेल्या वर्षीच्या अपयशाचे मूळ मला तेथेच दिसते. ग्रेनाडा हे पूरनियंत्रणासाठी बांधलेले धरण आहे. हिवाळ्यात तेथील पाणी समुद्रसपाटीपासून १९३ फुटांवर आणतात आणि उन्हाळ्यासाठी २१५ फुटांपर्यंत चढवतात. वसंतातल्या पावसाने पाणी झपाट्याने झुडपांत शिरते आणि मासा त्याच्या मागोमाग जातो. केंटकी लेकची हिवाळी पातळी ३५४ फूट आणि उन्हाळी ३५९, म्हणजे फरक अवघा पाच फुटांचा. शिवाय हे भरणे साधारण १ एप्रिलला सुरू होऊन महिनाभर चालते. पहिल्या आठवड्यात तेथील काठची झुडपे बहुतेक कोरडीच असतात. ज्या आडोशासाठी मासा काठाला येतो तो आडोसाच अजून पाण्याबाहेर होता. तुम्ही ग्रेनाडाची रीत बरोबर वापरलीत, फक्त तळे वेगळे होते.

बुडीत बाभूळ

वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते, ती माशाच्या जातीची. पांढरी क्रॅपी गढूळ पाणी सहज सोसते, तर काळ्या क्रॅपीला नितळ, पाणवनस्पती असलेले पाणी मानवते. ग्रेनाडावर मोठ्या आकाराची पांढरी क्रॅपी हेच मुख्य आकर्षण आहे. पांढऱ्या क्रॅपीचा ५ पौंड ३ औंसांचा जागतिक विक्रमही १९५७ साली त्याच राज्यातल्या, जवळच्या एनिड धरणावर झाला. केंटकी लेकवर दोन्ही जाती आहेत. ओळख रंगावरून करू नका, कारण विणीच्या काळात पांढऱ्या जातीचा नरही काळवंडतो. पाठीच्या पराचे टणक काटे मोजा: काळ्या क्रॅपीला सात किंवा आठ असतात, पांढरीला बहुधा सहा किंवा त्याहून कमी.

याचा उपयोग खोली ठरवताना होतो. हातभर खाली जिग (वजन लावलेला नकली आमिषाचा गळ) दिसेनाशी होत असेल, तर दोन-तीन फुटांवर मासा शोधण्यात अर्थ आहे. चार फूट खालची जिग स्पष्ट दिसत असेल, तर त्याच तापमानाला मासा बराच खोल राहील, आणि होडीची सावली पडली तरी दूर सरकेल. अशा पाण्यात बारीक दोरी आणि लांबून टाकलेला गळ हवा.

वाऱ्याची दिशा

लहान होडीचा विचार कोणी केलेला दिसत नाही. केंटकी लेक उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरले आहे, त्यामुळे दक्षिणेचा वारा सुटला की मुख्य पात्रात लाटा उठतात. त्या आठवड्यात तशा वाऱ्याचे दिवस बरेच येतात.

रीलफूट १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचून तयार झाले आणि जंगलच पाण्याखाली गेले. म्हणून तेथे सायप्रसची झाडे आणि पाण्याखालचे बुंधे जागोजागी आहेत. मोटर सावकाश चालवावी लागते, पण आडोशाला तोटा नाही. तळे इतके उथळ आहे की चार उबदार दिवसांत पाणी तापते. थंड वारे आले की तितक्याच लवकर निवतेही, म्हणून रीलफूटची आठवड्यापूर्वीची खबर मी कधीच धरत नाही, कालची असेल तरच निघतो.

आणखी एक विनंती. खोल पाण्यातून वर ओढलेला मासा लहान म्हणून सोडला, तरी दाबातील फरकाने त्याची हवेची पिशवी फुगते आणि तो पुष्कळदा वाचत नाही. टेक्ससमधील लेक फोर्कवर याच कारणाने डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात धरलेली क्रॅपी सोडता येत नाही, ती ठेवावीच लागते आणि दिवसाच्या मर्यादेत मोजली जाते. वीस फुटांच्या खाली लहानच मासे लागत असतील, तर जागा बदला.

काठावरचा

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या वर्षीची टिपणे काढून पाहिली. मी तापमान ५७ अंश लिहून ठेवले होते, पण पातळीची नोंदच केली नव्हती. आता निघण्यापूर्वी सलग पाच दिवस ग्रेनाडाची पातळी पाहीन. ती चढती असेल आणि पाण्याचे तापमान साठ अंशांच्या पुढे गेले असेल, तर तेथे जाईन. नसेल आणि आदले तीन-चार दिवस उबदार गेले असतील, तर रीलफूट.

जुना गळ

योग्य आहे. ग्रेनाडावर पातळी एका रात्रीत फुटाहून अधिक चढलेली दिसली, तर मात्र पहिला दिवस झुडपांच्या अगदी आत घालवू नका. नवे पाणी गार आणि फार गढूळ असते, आणि मासा त्यात स्थिरावायला वेळ घेतो. तोवर झुडपांची बाहेरची, जुन्या काठाची कड धरून ठेवा. परत आल्यावर तापमान, पातळी आणि खोली हे तीन आकडे येथे अवश्य लिहा.