दीक्षाभूमीच्या गर्दीत थेट प्रक्षेपण: पैसा अँटेनांवर लावायचा की कोडिंगवर?

रेडिओ_रामदासपेठ
धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. प्रत्येकाच्या फोनला वेगळा व्हिडिओ पुरवायला गेलं की नेटवर्क बसतं. भाषण तर सगळ्यांना एकच ऐकायचंय, मग आकाशवाणीसारखं एकदाच हवेत सोडा, असा मुद्दा इथे मागे निघाला होता. तेव्हा बहुतेकांचं म्हणणं पडलं, खांबावर अँटेना वाढवा. मला ते पटत नाही. आधी कोडिंग, म्हणजे गळालेली माहिती भरून निघेल अशा रीतीने ती गुंफून पाठवणं.

हिशेब करून बघा. हजार पॅकेटांची (माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांची) फाइल, हजार फोन, प्रत्येकाची दहा टक्के पॅकेटं गळतात, पण ज्याची त्याची वेगळी. "ज्याचं जे राहिलं ते पुन्हा पाठवतो" म्हणालात, तर जवळजवळ प्रत्येक पॅकेट कुणाचं ना कुणाचं राहिलेलंच असतं. दुसरी फेरी पूर्ण, तिसरीही पूर्ण, चौथीत सहाशेच्या वर. एकूण ३७०० च्या पुढे जाता. शिवाय हजार फोन एकाच वेळी "माझं राहिलं" म्हणून ओरडणार ते वेगळंच.

फाउंटन कोडमध्ये प्रत्येक पॅकेट हे मूळ पॅकेटांचं मिश्रण असतं. कोणती मिळाली याला महत्त्व नाही, किती मिळाली ते बघायचं. त्यातलाच एक कोड रॅप्टरक्यू, २०११ साली आरएफसी ६३३० या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात आला. त्यात हजारांवर दोन जास्त मिळाली की उलगडा न होण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे साधारण ११५० पॅकेटं सोडली की जवळपास सगळ्या फोनांचं काम होतं, आणि एकाही फोनला उलट काही कळवावं लागत नाही.

इतवारी_इंजिनिअर
सर, फाइलपुरतं तुमचं गणित बरोबर आहे. पण भाषण म्हणजे फाइल नव्हे. थेट प्रक्षेपणात दोन-तीन सेकंदांचे तुकडे करावे लागतात, आणि सिग्नल त्याहून जास्त वेळ पडला तर अख्खा तुकडा जातो. न आलेल्या पॅकेटांचं मिश्रण कोण उलगडणार?

इथे दुसरा अँटेना कामी येतो. अलामुटी या अभियंत्याची १९९८ ची योजना घ्या. दोन चिन्हं (म्हणजे सिग्नलमधली दोन मूल्यं), दोन वेळा, दोन अँटेना. दुसऱ्या वेळी तीच चिन्हं अदलाबदल करून, एकाचं अधिक-उणे उलटवून, संयुग्मी (गणितातल्या आरशातल्या प्रतिमेसारख्या) रूपात पाठवायची. वेग कमी होत नाही. आणि कुठला फोन कुठे उभा आहे हे प्रसारकाला कळावंच लागत नाही, गर्दीसाठी हीच गोष्ट मोलाची. सिग्नल सरासरीच्या शंभराव्या भागाखाली जाण्याची शक्यता एका अँटेनावर सुमारे १ टक्का. तीच शक्ती दोघांत वाटली, तरी दोन स्वतंत्र वाटांवर ती पाच हजारांत एक होते. एक लाख फोनांत कुठल्याही क्षणी हजार अडकलेले असायचे, तिथे वीस. कोडिंगला हातही न लावता.

रेडिओ_रामदासपेठ
दोन अँटेनांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो "आठ लावा, सोळा लावा" या हट्टाला. दोनच्या पुढे गेलात की अलामुटीसारखी सोपी, पूर्ण वेगाची रचना मिळतच नाही. तीन-चार अँटेनांच्या ऑर्थोगोनल कोडमध्ये (अलामुटीच्याच जातीच्या, चिन्हं सहज वेगळी करता येणाऱ्या रचनेत) वेग पाऊणपटीवर येतो. बीमफॉर्मिंग, म्हणजे अनेक अँटेनांनी सिग्नलचा झोत घडवणं म्हणाल, तर ते एका माणसाकडे झोत वळवायला छान. सगळ्यांना एकच संदेश द्यायचा असेल तर वेग सर्वांत कमजोर ऐकणाऱ्यावर ठरतो. अँटेना तेवढेच ठेवून माणसं वाढवत गेलात, तर तो वेग घसरतच जातो. सोळा अँटेनांचा खर्च करून कुठल्या दिशेला तोंड करणार?

साउंडवाला_हिंगणा
मी मंडप-साउंडचं काम करतो, गणितातलं मला कमी कळते. पण तुम्ही दोघंही फोन हवेत लटकून राहिल्यासारखं बोलून राहिले. मैदानात माणसं बसतात, फोन खिशात राहते, बाजूला पाण्याचा टँकर येऊन उभा राहते. टँकरच्या मागच्या लोकांचा सिग्नल पडला की तो टँकर हलेपर्यंत पडूनच राहते. दहा-दहा मिनिटं. त्याले कोणता कोड पुरेल भाऊ? न् एकाच खांबावर दोन अँटेना लावले तं टँकर दोघांलेही अडवते.

इतवारी_इंजिनिअर
दादा, नेमकं बोललात. म्हणूनच दोन अँटेना एका खांबावर नकोत, मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब हवेत. डीव्हीबी-टी२ या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या मानकात हीच सोय आहे: अलामुटीची बदललेली आवृत्ती दोन वेगळ्या ट्रान्समीटरांत वाटून लावता येते. टँकरने एक खांब झाकला तरी दुसरा दिसतो. किंमत मोजावी लागते, पायलट सिग्नल (फोनला वाट कशी आहे ते ओळखता यावं म्हणून पाठवलेल्या ठरलेल्या खुणा) जास्त लागतात, तेवढी जागा मजकुरातून जाते. मी ती आनंदाने देईन, कारण टँकरमागच्या आजींना दहा मिनिटांनंतरचं भाषण नकोय.

रेडिओ_रामदासपेठ
दोन खांब मान्य. आजींसाठी मीही तेच करेन. पण मैदानावर फक्त भाषण नसतं. हरवलेल्या मुलाचा फोटो, पाणी कुठे, दवाखाना कुठे, परतीच्या गाड्यांची वेळ, हे सगळं उशिरा मिळालं तरी चालतं, पण पोचलंच पाहिजे. कुणी अर्ध्यात आलं, कुणाचा फोन मध्येच बंद झाला, तरी फाउंटन कोडमध्ये जिथून सापडेल तिथून गोळा करता येतं. तिथे अँटेना वाढवून काय साधणार? उरलेली बँडविड्थ मी या सूचनांना देईन, आणि त्यावर अजूनही ठाम आहे.

साउंडवाला_हिंगणा
मुलाचा फोटो पहिले. बाकीचं मंग.