अनुभव धागा : ग्रिल्ड स्टेक आणि ताज्या फळांचं सॅलड

इथे डेन्व्हरला ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्याच पॅलिसेड गावचे पीच बाजारात आले की मला दुसरं काही सुचत नाही. ग्रिलवरचं मांस आणि रसाळ फळ एका ताटात किती सुरेख लागतं, हे ज्यांनी करून खाल्लंय त्यांनी इथे लिहावं. कुठला कट, कुठलं फळ, आंबट काय घातलंत, सगळं सांगा.

सुरुवात मी करते. मी फ्लँक स्टेक (बीफचा पोटाकडचा कट) घेते. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये न झाकता ठेवते, म्हणजे वरून कोरडा होतो आणि झकास रंग येतो. जाळी कडकडीत तापवून दोन्ही बाजू भाजायच्या. आत 54 ते 57 अंश सेल्सिअस झालं की मी उतरवते. (अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस 63 अंश आणि वर 3 मिनिटं विश्रांती अशी आहे. घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर तेच पाळा.) मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. फ्लँकचे धागे लांब आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारे असतात, सुरी त्यांना आडवी चालवायची. उभे काप केलेत तर चावून चावून जबडा दुखेल. पाटावर साचलेला रस मी लिंबू, ऑलिव्ह तेल आणि मोहरीच्या पेस्टबरोबर फेटते. या सॅलडचा जीव त्या दोन चमचे रसात आहे! पीच अर्धे करून, कापलेल्या बाजूला तेल लावून तीनेक मिनिटं जाळीवर. खाली अरुगुला (तिखटसर कोवळी पालेभाजी), वर पातळ कांदा आणि फेटा चीज.

— परसबाग


मेलबर्नला आमचा उन्हाळा डिसेंबरात, म्हणजे केन्सिंग्टन प्राइड आंब्याचा मोसम. मी जरा कडक, आंबटगोड आंबा निवडते. पिकून मऊ झालेला सॅलडमध्ये विरघळतो. पद्धत थाई 'नाम टोक'ची, म्हणजे ग्रिल केलेल्या मांसाच्या आंबट-तिखट सॅलडची : लिंबाचा रस, फिश सॉस, लाल तिखट, भरपूर पुदिना आणि कोरडे भाजून भरडलेले चिकट तांदूळ. ती भरड अजिबात वगळू नका. रस धरून ठेवते आणि दाताखाली खमंग लागते. तेलाचा थेंबही लागत नाही. मांस कोमट असतानाच कालवायचं.

— दक्षिणवारा


आम्ही मडगावचे, इथे बाजारात अंडरकट (बीफचा पाठीकडचा मऊ कट, टेंडरलॉइन) मिळतो. मऊच असतो, मुरवण लागत नाही. मीठ, मिरी, लसूण पुरे. बरोबर अननस. पण कच्चा अननस कापलेल्या मांसात कालवून ठेवू नका. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम प्रथिनं तोडतं आणि तासाभरात मांस पिठूळ होतं. चकत्या ग्रिलवर चांगल्या भाजल्या की ते निकामी होतं आणि गोडीही वाढते. शेजारी थोडा व्हिनेगरात मुरलेला कांदा हवाच.

— सालसेतकर


पुण्यात 2015 च्या कायद्यानंतर गाय-बैलाचं मिळत नाही, आम्ही म्हशीचं घेतो. चरबी कमी, म्हणून जास्त भाजलं की चामट होतं. मऊ व्हायला किसलेली कच्ची पपई लावून अर्धा तास, बस. मग ती पुसून टाकायची, नाहीतर ग्रिलवर करपते. फळ म्हणून डाळिंबाचे दाणे आणि पेरू. गुलाबी पेरूवर मिरपूड, आणि शेजारी तिखटसर मांस : माझ्या वडिलांना इतकं आवडलं की आता रविवारी तेच फर्माईश करतात.

— कॅम्पातली


आमच्याकडे बीफ चालत नाही, मी लँबच्या पायाचे स्टेक वापरते. न्यू जर्सीत जूनमध्ये ताज्या स्ट्रॉबेरी मिळतात, पण त्यांना लगेच पाणी सुटतं. काय करावं?

— हडसनकाठ


@हडसनकाठ, लँब छानच. स्ट्रॉबेरी धुऊन पूर्ण कोरड्या करा, अर्ध्याच चिरा आणि मीठ-ड्रेसिंग पानांना लावून झाल्यावर अगदी ताट वाढताना वर ठेवा. लँबबरोबर पुदिना जास्त घाला, फेटा थोडा कमी.

— परसबाग