बी विंगच्या पॅसेजमधल्या गोचिडी

बी-३०१: आमच्या पॅसेजच्या भिंतीवर गोचिडी चढताना दिसल्या. एखादी नाही, सात-आठ. नात तिथे रांगते. ज्यांचं कुणाचं असेल त्यांनी कृपया लक्ष द्यावं.

बी-३०४: काकू, मजल्यावर कुत्रा फक्त आमचा आहे. "ज्यांचं कुणाचं" कशाला, सरळ म्हणा.

बी-३०१: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

ए-५०३: मागच्या मीटिंगमध्ये मी हेच सांगत होतो. कुत्र्यांना लिफ्टबंदी करा.

बी-३०४: मोतीला गोचीडताप झाला, प्लेटलेट्स कोसळल्या, २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. तेव्हा ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. आज सगळे जागे.

सी-१०४: काकू, तुमची काळजी रास्त आहे. दादा, तुम्हीही चिडू नका. ही तपकिरी गोचीड घरात राहूनच पिढ्या काढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे हजारो अंडी घालते. नुसतं मोतीला औषध देऊन भागणार नाही, भेगाही बुजवायला हव्यात. गेटवरच्या दोन्ही कुत्र्यांनाही गोळी द्यायला हवी.

ए-५०३: गेटवरचे कुत्रे सोसायटीचे नाहीत. लिफ्टबंदी करा.

ए-२०२: आणि गेटसमोर गाडी उभी असते ती कुणाची? रोज सांगावं लागतं.

ए-५०३: विषय गोचिडींचा चालू आहे.

सचिव: शांतता राखा. रविवारी फवारणी करून घेऊ.

सी-१०४: काका, करा, पण फवारणारे कोणतं औषध वापरणार ते आधी विचारा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजरं घरात कोंडून ठेवावी लागतील. आणि एकदा करून थांबू नका, अंडी मागाहून फुटतात.

बी-३०१: अंगावर चढली तर काय करायचं? आमच्याकडे रॉकेल लावायचे.

सी-१०४: रॉकेल नको, चटका नको. चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका.

ए-५०३: माझा मुद्दा तिसऱ्यांदा मांडतो. लिफ्टबंदी.

ए-१०२: आमच्याकडे तर पिसवा झाल्यात. मनी सारखी खाजवत होती. दादांनी मोतीचे उरलेले मानेवर लावायचे गोचिडींचे थेंब दिले होते, ते सकाळी लावले. वजन कमी म्हणून अर्धेच.

सी-१०४: वहिनी, पाकिटावर पर्मेथ्रिन लिहिलंय का? आत्ता बघा.

ए-१०२: हो. का? तिचे कान सकाळपासून फडफडताहेत, पाय थरथरताहेत. थंडी असेल असं वाटलं.

सी-१०४: थंडी नाही, विषबाधा आहे. कुत्र्याला चालतं ते मांजरीच्या यकृताला नीट पचवता येत नाही, अर्ध्या डोसनेही झटके येऊ शकतात. चाटू देऊ नका. झटके नसतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाने मान धुवा, पुसून कोरडी करा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. झटके आले तर धूत बसू नका, तशीच न्या.

बी-३०४: वहिनी, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं. मी खाली येतो.

ए-१०२: हे घरी नाहीत. रिक्षा मिळत नाहीये.

ए-५०३: गाडी गेटसमोरच आहे. मनीला टॉवेलात गुंडाळून आणा, मी सुरू करून ठेवतो.

बी-३०१: धाकटीला माझ्याकडे सोडा.

सी-१०४: वहिनी, थेंबांचं पाकीट सोबत घ्या. डॉक्टर आधी तेच मागतील. पिसवांचं मनी घरी आल्यावर बघू. अंडी आणि अळ्या गादीत, सोफ्याच्या फटीत असतात. अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागेल.

बी-३०४: निघालो. मनी माझ्या मांडीवर आहे.