रोजचा मेकअप : शोभणारे रंग आणि लागतील तेवढीच साधनं

समारंभाचा नव्हे, रोज दहा-पंधरा मिनिटांत उरकणारा मेकअप हा या धाग्याचा विषय. रंग कसा निवडायचा, कुठे आणि कशाने लावायचा, बिघडतं ते नेमकं कशामुळे, हे ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहावं. ‘मला हे आवडतं’ यापेक्षा ‘हे असं का होतं’ हे आलं तर नवख्यांना जास्त उपयोग होईल. ब्रँडची नावं शक्यतो नकोत. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर खुललेली छटा नाव बघून घेतली की हमखास फसते.

*

सुरुवात अंडरटोनपासून करते, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. गोरा, गव्हाळ, सावळा हा वरवरचा रंग उन्हाने बदलतो. त्याखालची झाक, म्हणजेच अंडरटोन, फारशी बदलत नाही. पिवळसर-सोनेरी झाक म्हणजे वॉर्म, गुलाबी किंवा निळसर-लाल म्हणजे कूल, दोन्हींच्या मधली न्यूट्रल आणि हिरवट झाक म्हणजे ऑलिव्ह. सावळा रंग म्हणजे वॉर्मच, हा समज मनातून काढून टाका. गडद त्वचा कूल असते आणि गोरी त्वचा चांगली पिवळीही असते.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून ठरवायची पद्धत सर्रास सांगितली जाते. गडद त्वचेत त्या शिरा धड दिसतच नाहीत, शिवाय मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळेलच असंही नाही. त्यापेक्षा कापडाची चाचणी भरवशाची. चेहरा धुवा, केस मागे बांधा, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा. हनुवटीखाली आधी पांढरंशुभ्र कापड धरा, मग मोतिया रंगाचं. पांढऱ्याशुभ्रवर चेहरा एकसारखा, ताजा दिसला आणि मोतियावर पिवळट पडला तर कूल. उलट झालं तर वॉर्म. दोन्ही सारखंच चाललं तर न्यूट्रल. ऑलिव्हची खूण वेगळी आहे: गुलाबी झाकेचं फाउंडेशन चेहऱ्यावर परकं दिसतं आणि पिवळ्या झाकेचं नारिंगी दिसतं. असं होत असेल तर ‘ऑलिव्ह’ किंवा ‘न्यूट्रल’ लिहिलेल्या छटा बघा.

*

फाउंडेशन हाताच्या मागच्या बाजूला लावून बघू नका. तो भाग बहुतेकांचा चेहऱ्यापेक्षा गडद असतो. जबड्याच्या कडेवर, गालाकडून मानेकडे जाणाऱ्या तीन उभ्या रेघा ओढा: एक अंदाजाने जुळणारी, एक त्याहून एक छटा गडद, एक त्याच उजेडाची पण वेगळ्या अंडरटोनची. तिन्ही हलकेच थोपटून घ्या आणि लगेच निर्णय घेऊ नका. १५-२० मिनिटं थांबा. त्यातला उडून जाणारा भाग सुकतो, त्वचेचं तेल रंगात मुरतं आणि छटा थोडी गडद किंवा नारिंगी होते. मग दिवसाच्या उजेडात आरसा धरून बघा. जी रेघ शोधावी लागते ती तुमची. चेहरा आणि मान यांत फरक असेल तर मानेशी जुळवा, कपाळाशी नाही.

चेहरा राखाडी दिसतो ही तक्रार सावळ्या त्वचेवर फार ऐकू येते. कारण सरळ आहे. फाउंडेशनचा उजळपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यातून. पिवळा, लाल आणि काळा हे आयर्न ऑक्साइडचे. ‘एक छटा उजळ घेऊ’ असं म्हणून घेतलेल्या बाटलीत पांढरं जास्त असतं, आणि पांढरं तपकिरीवर पातळ पसरलं की राख फासल्यासारखं दिसतं. त्वचेच्या रंगाची छटा घ्या, त्यात चेहरा जास्त उजळ दिसतो. हे मनापासून सांगते आहे, कारण ‘एक छटा उजळ’ या सल्ल्याने सावळ्या चेहऱ्यांचं फार नुकसान केलं आहे.

रोजच्यासाठी अर्धा पंप पुरतो. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर आणि जिथे डाग आहेत तिथे सुरू करून बाहेरच्या बाजूला पातळ करत न्या. कपाळाला उरलंसुरलं बोटाचं पुरे.

*

वरच्याला जोडून, फाउंडेशनच्या बारीक गोळ्या सुटणे. यात दोष बहुधा फाउंडेशनचा नसतो, खालच्या थरांचा असतो. मॉइश्चरायझर ओलं असतानाच सनस्क्रीन, त्यावर लगेच प्राइमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा गुळगुळीत थर), मग घासून फाउंडेशन असं झालं की थर एकमेकांना धरत नाहीत. सनस्क्रीन चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, ते कमी करू नका. त्याऐवजी खालचं क्रीम पातळ ठेवा आणि सनस्क्रीननंतर दहाएक मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात केस विंचरून होतात. नंतर स्पंजने थोपटा, ओढू नका. रोजच्या मेकअपला प्राइमर लागतच नाही असं माझं मत आहे. फार तर नाकाच्या रंध्रांपुरता.

*

लिपस्टिकबद्दल. नळीतला रंग आणि ओठावरचा रंग वेगळे असतात, कारण खाली ओठांचा स्वतःचा रंग असतो. पारदर्शक किंवा क्रीमी लिपस्टिकमध्ये तो जास्त डोकावतो, दाट मॅटमध्ये (चमक नसलेल्या) कमी. रंग तपासायचा तर मनगटावर नको, बोटाच्या पेरावर लावा. पेराची लाली ओठांच्या जवळ जाते.

आपल्या ओठांपेक्षा एक-दोन छटा गडद रंग रोजच्या वापरात जवळजवळ कधीच चुकत नाही. गव्हाळ ते सावळ्या त्वचेवर वॉर्म असाल तर विटकरी, गंजाचा, टेराकोटा, नारिंगी झाकेचा लाल. कूल असाल तर बेरी, वाइन, प्लम, निळसर झाकेचा लाल. मोव (जांभळट गुलाबी) आणि गुलाबी-तपकिरी हे दोन गट बहुतेक सगळ्यांना चालतात, म्हणून पहिली लिपस्टिक यांतूनच घ्यावी. फसतात त्या फिक्या गुलाबी आणि पीच छटा. त्यांत पांढरा रंग जास्त असतो, ओठांवर खडूसारखा थर दिसतो आणि दातही पिवळे भासतात. निळसर लाल रंगात दात पांढरे दिसतात, हा त्याचा वेगळा फायदा.

‘न्यूड’ म्हणजे त्वचेचा रंग नव्हे. त्वचेच्या रंगाची लिपस्टिक लावली की ओठ गायब होतात आणि चेहरा आजारी वाटतो. न्यूड छटेत थोडी लाली किंवा तपकिरी हवीच.

वरचा ओठ गडद आणि खालचा फिका, हे सावळ्या त्वचेत अगदी सामान्य आहे. एकच लिपस्टिक लावली की दोन रंग दिसतात. उपाय: वरच्या ओठाशी जुळणारी लिप पेन्सिल घेऊन खालचा ओठ पूर्ण भरा, मग दोन्हींवर लिपस्टिक. कडा पसरत असतील तर कडेबाहेर किंचित कन्सीलर (डाग झाकायचं दाट, त्वचेच्या रंगाचं क्रीम) थोपटा. आणि मॅट लावण्याआधी लिप बाम दहा मिनिटं ठेवून टिपून काढा. बाम तसाच राहिला तर मॅट रंग ठिपक्या-ठिपक्यांनी सुटतो.

*

डोळ्यांखालची काळी वर्तुळं: नुसता उजळ कन्सीलर लावला की ती राखाडी होतात. रंगचक्रावर समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. निळसर-तपकिरी काळेपणाला पीच किंवा नारिंगी मारतो. उजळ त्वचेला फिका पीच, गव्हाळ त्वचेला गडद पीच, गडद त्वचेला सरळ नारिंगी. टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके, फक्त काळ्या भागावर, अनामिकेने थोपटून. मग त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर तितकाच पातळ. नारिंगी वरून दिसत असेल तर तो जास्त झाला आहे किंवा काळ्या भागाबाहेर गेला आहे. वर आणखी कन्सीलर चढवू नका, खालचा कमी करा.

एक ओळखायला शिका. आरशात बघताना हनुवटी वर केली की काळेपणा कमी झाला, तर ती खोलगटपणाची सावली आहे. रंगद्रव्य नाही, त्यामुळे नारिंगीने जाणार नाही. तिथे खोलगट रेषेवरच उजळ कन्सीलरची बारीक रेघ द्या, फुगीर भागावर नको. फुगीर भाग उजळला की पिशवी आणखी उठून दिसते.

*

ब्लश. फिके गुलाबी गडद त्वचेवर राखाडी पडतात. डबीत भडक दिसणारा कोरल, विटकरी किंवा बेरी रंगच तिथे नैसर्गिक लाली देतो, घाबरू नका. जागा: नाकापासून दोन बोटं सोडून बाहेर, आणि नाकाच्या टोकाच्या पातळीखाली नाही. सर्वांत महत्त्वाचा नियम: क्रीम नेहमी पावडरच्या आधी. पावडरवर क्रीम ब्लश घासला की खालचा थर चकत्यांसारखा उखडतो.

*

साधनांची यादी लोक उगाच वाढवतात. रोजच्याला हे पुरतं: एक स्पंज, पावडर आणि ब्लशला एक मध्यम फुगीर ब्रश, आयशॅडो मिसळायला एक छोटा मऊ ब्रश, एक तिरप्या कापाचा बारीक ब्रश, भुवया विंचरायचा स्पूली (मस्काऱ्याच्या कांडीसारखा ब्रश) आणि तिरप्या टोकाचा चिमटा. बारा-पंधरांचे संच घेतले की त्यांतले निम्मे पडून राहतात.

द्रव आणि क्रीमसाठी कृत्रिम केसांचा ब्रश. तो ओलावा पीत नाही. ब्रश घेताना केस तळहातावर उलटसुलट फिरवा. टोचले किंवा गळले तर नको. घट्ट केसांचा ब्रश रंग एका जागी दाट बसवतो, सैल केसांचा पसरवतो. ब्लशचे गोल डाग पडतात ते बहुधा घट्ट ब्रशमुळे. ब्रश दांड्याच्या मागच्या टोकाला धरला की दाब आपोआप कमी पडतो.

स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून फुगू द्या, मग पिळून टॉवेलमध्ये दाबा. ओलसर राहिला पाहिजे, पाणी सुटता कामा नये. कोरडा स्पंज फाउंडेशन पितो, फार ओला असेल तर ते पट्ट्यांत फाटतं.

पापण्या वळवायचा कर्लर वापरत असाल तर मस्काऱ्याच्या आधीच. मस्कारा सुकल्यावर दाबला की पापण्या चिकटून तुटतात. मुळाशी, मध्ये आणि टोकाला असं हलकं तीनदा दाबा. रबराला चीर दिसली की बदला.

*

काजळ खाली उतरण्याचं कारण तेल आणि ओलावा. डोळ्यांखाली क्रीम लावलेलं असेल तर ते आधी टिपून काढा. पेन्सिल लावून झाली की तिरप्या ब्रशने त्याच रंगाची किंवा गडद तपकिरी आयशॅडो खालच्या पापण्यांच्या मुळांवर दाबा. पसरलं तरी सावली वाटते, डाग वाटत नाही. रोज काळ्याऐवजी तपकिरी वापरून बघा, डोळे दमलेले दिसत नाहीत. लायनर लावताना डोळा उघडा ठेवून, समोर बघत शेपटीचा कोन ठरवा. डोळा मिटून ओढलेली रेघ उघडल्यावर घडीत मोडते.

भुवयांना काळी पेन्सिल काळ्या केसांवरही कडक दिसते. लाल झाक नसलेला गडद तपकिरी घ्या. सुरुवात शेपटीकडून, नाकाजवळचा भाग सर्वांत शेवटी, ब्रशवर उरलेल्या रंगाने. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी स्पूली फिरवा.

*

चष्मेवाल्यांसाठी. उणे नंबरची काच डोळे लहान दाखवते: पापण्यांवर उजळ छटा, बारीक लायनर, वळवलेल्या पापण्या. अधिक नंबरची काच डोळे मोठे दाखवते, त्यामुळे न मिसळलेली कड आणि मस्काऱ्याची गुठळी लगेच दिसते: मॅट मध्यम छटा, भरपूर मिसळणं. चष्म्याची टेकणं बसतात तिथे फाउंडेशन जवळजवळ पुसून टाका आणि पावडर दाबा. नाहीतर दुपारी दोन ठसे दिसतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढा. त्यांच्यासोबत पापणीच्या आतल्या कडेवर काजळ नको.

*

उजेड कुठून येतो याकडे फार कमी जणी लक्ष देतात. पिवळ्या दिव्याखाली लाली कमी दिसते म्हणून ब्लश जास्त लागतो. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावली पडते म्हणून कन्सीलर जास्त लागतो. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. दिवाच वापरायचा तर आरशाच्या दोन्ही बाजूंना, ४०००-५००० केल्व्हिनच्या (उजेड किती पिवळा किंवा पांढरा त्याचं माप) आसपासचा, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा.

*

चाळिशी-पन्नाशीनंतरचं थोडं. केस पिकले की चेहरा आणि केसांतला विरोध कमी होतो, म्हणून पूर्वी शोभणारी गडद छटा अचानक कठोर वाटू लागते. भुवया एक छटा फिक्या, लिपस्टिक मॅटऐवजी मंद चमकेची सॅटिन, काजळ फक्त वरच्या पापणीला. पावडर सुरकुत्यांत बसते. ती नाक आणि हनुवटीपुरती ठेवून गालावर क्रीम ब्लश लावावा. चमकीपेक्षा मॅट किंवा मंद झळाळीची आयशॅडो पापणीवर चांगली बसते.

*

सफाईचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. ब्रश दर ७ ते १० दिवसांनी सौम्य शाम्पूने कोमट पाण्यात धुवा, केस खाली झुकवून. पाणी धातूच्या पट्टीत शिरलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. सुकवताना आडवे ठेवा, केसांचा भाग टेबलाच्या कडेबाहेर. कपात उभे ठेवू नका. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवून उघड्यावर सुकवा. बंद डबीत ओला ठेवला तर बुरशी धरतो, आणि ती आतपर्यंत गेलेली बाहेरून दिसत नाही.

मस्कारा उघडल्यापासून तीन महिने. दाट झाला म्हणून पाणी घालू नका, जंतूंना तेच हवं असतं. बाकी वस्तूंवर उघड्या डबीचं चित्र आणि ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यानंतरचे महिने. डबीवर तारीख चिकटवून ठेवा. पेन्सिल वापरायच्या आधी टोक काढलं की वरचा मळका थर जातो. डोळ्यांच्या वस्तू घरातल्या घरातही वाटून घेऊ नका. डोळे येऊन गेले तर त्या काळात वापरलेला मस्कारा, लायनर आणि काजळ टाकून द्या आणि ब्रश धुतल्याशिवाय पापण्यांना लावू नका.