हॉर्सशू क्रॅबच्या कल्ल्यांत पांढरे चपटे किडे: ही जळू आहे का?

प्रश्न

टाकीतल्या पूर्ण वाढलेल्या लिम्युलस पॉलिफेमसच्या (अमेरिकन हॉर्सशू क्रॅबच्या) बुक गिल्समध्ये, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारख्या कल्ल्यांमध्ये, एक ते दीड सेंटीमीटर लांबीचे, दुधाळ, पट्टीसारखे किडे दिसताहेत. चिमटा लावला की मागच्या टोकाने घट्ट धरून बसतात. गिल्सच्या पानांवर तपकिरी, लंबगोल दाणेही चिकटलेत. कवचावर खडबडीत पांढरे शंकू आणि एक-दोन शिंपले आहेत. यातलं परजीवी कोणतं? एक किडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर आक्रसून गोळा झाला, काहीच दिसेना.

उत्तर १

जळू नाही. बहुधा ब्डेलोरा कँडिडा, म्हणजे चपटा कृमी. नाव मात्र जळवेवरूनच पडलंय: ग्रीकमध्ये ब्डेला म्हणजे जळू, ऊरा म्हणजे शेपूट.

खात्री जिवंत किड्यावरच करा. पेट्री डिशमध्ये समुद्राचं पाणी, खालून उजेड, १० ते २० पट भिंग. जळवेच्या अंगावर कडी-कडी दिसतात आणि चूषक दोन्ही टोकांना असतात. याच्या अंगावर एकही कडं नाही, चिकटायची चकती फक्त मागे. पुढे दोन काळे डोळे, पोटाच्या मध्यावर नळीसारखी सोंड. आतडं तीन फाट्यांचं: एक पुढे, दोन मागे. नुकतंच खाल्लेलं असेल तर हे फाटे गडद दिसतात.

दाणे म्हणजे त्याचे कोश, पिल्लं त्यातूनच निघतात. ते ओरबाडू नका. गिलचं पान अगदी पातळ असतं, फाटलं की निळसर रक्त येतं आणि नुकसान किड्यापेक्षा तुमच्या चिमट्याने जास्त होतं. कृमी हवा असेल तर मऊ ब्रशने उचला किंवा ड्रॉपरने पाण्याचा झोत मारा. प्राणी कवचाच्या कडांना धरून उलटा करा, शेपटीने उचलू नका. पाण्याबाहेर असेपर्यंत गिल्स ओल्या ठेवा.

उत्तर २

आक्रसण्यावर उपाय: ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (हेक्साहायड्रेट) पाण्यात विरघळवून एक लिटर करा, त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा. किडा त्यात १०-१५ मिनिटं ठेवा. सुईने हलकं टोचून हलत नाही असं दिसलं की मगच स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिपने अलगद सपाट करा आणि कडेने १० टक्के फॉर्मॅलिन सोडा. घाईने दाबलात तर आतडं फुटतं.

डीएनएसाठी वेगळे दोन-तीन किडे ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमधले त्यासाठी निरुपयोगी. कुठल्या गिलवरून, कुठल्या दिवशी काढला हे पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका. बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते.

यजमानही, म्हणजे किडा ज्याच्या अंगावर सापडला तो प्राणीही, नोंदवा. लिम्युलसवर ब्डेलोरा, तर टॅकिप्लेअस या आशियाई हॉर्सशू क्रॅबवर एक्टोप्लाना हा तसाच चपटा कृमी. यजमान चुकला तर पुढचं सगळंच चुकतं.

उत्तर ३

कवचावरचे शंकू बार्नेकल (एका जागी चिकटून राहणारे कठीण कवचाचे समुद्री जीव) आहेत, शिंपले बहुधा क्रेपिड्युला (एक सागरी गोगलगाय). हे परजीवी नाहीत, फक्त बसायला जागा मिळालीय. पूर्ण वाढ झाली की हॉर्सशू क्रॅब कात टाकत नाही, म्हणून जुन्या कवचावर अशी गर्दी साठते. पिल्लं कात टाकतात आणि त्यासोबत सगळं उतरवतात. सुरी लावून खरवडलं तर कवचाला चीर जाते. डोळ्यावर किंवा सांध्यावर बसलेलं असेल तरच विचार करा.

ब्डेलोरालाही बरेच जण परजीवी न म्हणता सहभोजी म्हणतात, कारण तो यजमानाच्या खाण्यातल्या उरलेल्या तुकड्यांवर जगतो. तरी कोशांमुळे पानांना भोकं पडतात, त्यामुळे संख्या वाढतेय का ते मोजत राहा.

आतले परजीवी मात्र बाहेरून दिसणारच नाहीत. मायक्रोफॅलस लिम्युलाय हा पर्णकृमी पिल्लांच्या शरीरात कोषस्थ अवस्थेत सापडतो. तो पाहायला मेलेल्या प्राण्याच्या स्नायूचा तुकडा दोन काचांमध्ये दाबावा लागतो.

प्रश्नकर्ता

दोन डोळे आणि तीन फाट्यांचं आतडं दिसलं. पण काही किडे फक्त ३ मिलिमीटरचे, जवळजवळ पारदर्शक आहेत. ही पिल्लं का?

उत्तर १

लांबीवरून ठरवू नका. लिम्युलसवर आणखी दोन लहान जाती राहतात: ब्डेलोरा प्रोपिंक्वा साधारण ८ मिलिमीटरपर्यंत, सिन्सीलिडियम पेल्युसिडम ३ च्या आसपास. मागचे दोन फाटे शेवटी एकमेकांना जुळलेत का पाहा. जुळलेले असतील तर सिन्सीलिडियम. सुटे असतील तर जननेंद्रियं तयार झालीत का बघा: नसतील तर पिल्लू, असतील तर प्रोपिंक्वा. त्यापुढची खात्री मात्र सलग पातळ काप काढूनच होते.