मदत हवी आहे: टाकीच्या आतल्या इपॉक्सीला फोड येताहेत

नमस्कार मंडळी,

पाण्याच्या लोखंडी टाकीला आतून इपॉक्सी रंगाचे दोन हात दिलेत. वरचा भाग ठणठणीत आहे, पण कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागावर वाटाण्याएवढे फोड उठलेत. एक फोड सुरीच्या टोकाने उघडला तर आतून पाणी आलं. खालचा पत्रा काळपट, गंज जेमतेम. वेल्डिंगच्या शिवणी आणि धारदार कडांवर मात्र सरळ तांबेरा फुटलाय.

ब्लास्टिंग (जोरात कण मारून गंज काढणं) एसए 2.5 पर्यंत, म्हणजे पत्रा जवळजवळ पूर्ण स्वच्छ होईपर्यंत झालं होतं, सुकलेल्या थराची जाडीही सपाट भागावर बरोबर भरली. म्हणून रंगावर खापर फोडायला मन तयार नाही. माझा पहिला संशय क्षारांवर आहे. ब्लास्टिंगने गंज निघतो, पण पत्र्याच्या खड्ड्यांत अडकलेला क्लोराइडचा क्षार डोळ्यांना दिसत नाही, आणि तोच कोटिंगमधून पाणी आत ओढून घेतं. दुसरा संशय दवाचा. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान 3 अंश सेल्सिअस गरम हवा. काम चालू असताना त्याची नोंदच ठेवलेली नाही.

फोड क्षारांमुळे आले की थरात कोंडलेल्या सॉल्व्हंटमुळे (रंगातल्या द्रावकामुळे), हे आतल्या पाण्याची चाचणी करून नक्की कळेल का? कोणती चाचणी करू? फोड आलेला भागच खरवडून पुन्हा द्यावा, की पाण्याखालचा सगळा थर काढावा? आणि शिवणींवर आधी ब्रशने वेगळा हात देणारे कुणी असतील, तर तो प्राइमरच्या आधी देता की नंतर?

टाकी लवकरच भरायची आहे. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा.